हत्तीची चाल

हिरलनं टीपॉयची कड सोडली तेव्हा डिंपल गॅसवर भरिताचं वांगं फिरवत होती. स्वयंपाकघराच्या दारातून हॉल अर्धाच दिसायचा, आणि त्या अर्ध्यात तिची पोर दोन्ही हात पसरून, पोट पुढे काढून, पाय फाकवून उभी होती. मग ती चालली. एक पाऊल, दुसरं, मग अंग उजवीकडे गेलं, सावरलं, डावीकडे गेलं, तिथूनही सावरलं, आणि टीव्हीच्या स्टँडपाशी धपकन बसून स्वतःच हसली. "देखा व माय, देखा!" सुनंदाबाईंनी टाळ्या पिटल्या. "बठ्ठी नानानी चाल शे! हत्तीनी चाल उचली लिधी पोरनी!" दिवाणावरच्या सासऱ्यांनी, कौतिक नानांनी, मान डोलावली, की ती आपोआपच डोलली, कोण जाणे, पण चेहरा असा फुलला की जणू गावानं सत्कार करून शाल घातली असावी. दाराशी चपला घालत असलेला तिचा नवरा कुंदन म्हणाला, "झालं, खानदानाचा शिक्का बसला." सगळे हसले. डिंपलही हसली, पण तिचं हसू सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा आलं, आणि ते उशिरा आल्याचं तिचं तिलाच कळलं. "वांगं जळी ऱ्हायनं व!" सासूबाई म्हणाल्या, तेव्हा तिनं पाहिलं, एक बाजू कोळसा झाली होती.

त्या घरात त्या चालीला मान होता. अमळनेरजवळच्या त्यांच्या गावी नानांचे वडील चाळिशीनंतर असे चालायला लागले. माळकरी माणूस, दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही, पण भर दुपारी गल्लीतून पाय फाकवत, झुलत, भिंतीशी सलगी करत यायचा, तेव्हा पारावरची टवाळ मंडळी विचारायची, "काय आबा, आज लवकरच टाकी लिधी का?" आणि आबा थांबून, तोल सांभाळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "हत्ती काय दारू पेस का रे?" हे उत्तर गावाला इतकं आवडलं की टोमण्याचं बिरूद झालं. पुढे नाना जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजता मोजता झुलायला लागले तेव्हा घरात कोणी घाबरलं नाही. इतर घरांत केस पिकले म्हणतात, चष्मा लागला म्हणतात, तसं या घरात 'चाल आली' म्हणत. घराचं थोरपण ज्याच्याकडे जायचं त्याच्या पायात ते उतरायचं, असा काहीतरी त्यांचा हिशेब. हल्ली नानांची जीभही जड झाली होती, शब्द एकमेकांवर रेलायचे, ताटातला घास तोंडापर्यंत पोचताना हवेत दोन ठिकाणी थांबायचा. त्यालाही सुनंदाबाईंकडे उत्तर होतं: हत्ती सावकाशच खातो. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत डिंपलनं कुंदनला विचारलं होतं, "नानांना कधी डॉक्टरांना दाखवलंय का?" तो खरंच गोंधळला. "काय दाखवायचं? चाल? चाल दाखवतं का कोणी डॉक्टरला?" आणि मग तिचा चेहरा पाहून, "बाई, तू ना, उंदरांत राहून राहून सगळीकडे आजार बघतेस." तिनं विषय सोडला. नवी नवरी, दिवाळी, आणि तो हसताना इतका चांगला दिसायचा.

उंदरांत ती राहिली होती हे खरंच. धुळ्याला, माहेरी असताना, औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या दोन वर्षांत. कॉलेजच्या मागे, सोनगीरकडे जाणारा हायवे जिथून ऐकू येतो त्या बाजूला, प्राण्यांची एक बैठी खोली होती. आत भाताच्या तुसाचा, मुताचा आणि फिनेलचा मिळून एक वास, जो घरी जाऊन दोनदा डोकं धुतलं तरी ओढणीतून यायचा. योगराज सरांच्या प्रकल्पासाठी बाहेरच्या संस्थेतून खास उंदीर आणले होते, काळे, मखमली, कानांच्या आतून गुलाबी. आई-बाप धडधाकट. पिल्लंही जन्मताना सारखीच, शेंगदाण्याएवढी, लाल, आंधळी. डोळे उघडायची, पळायला लागायची, आणि मग एका सकाळी झाकण उघडावं तर त्यातलं एखादं मागचे पाय फाकवून, पार्श्वभाग डुलवत, जणू जमीनच होडी आहे अशा बेतानं चाललेलं असायचं. रक्तातूनच आलेलं. आई-बापांत लपून बसलेलं, पिल्लांत उघडं पडलेलं. डिंपलचं काम दोन टप्प्यांचं होतं. पहिल्या टप्प्यात त्या पिल्लांना जगवायचं: खाद्याच्या गोळ्या भिजवून तळाशी ठेवायच्या, कारण वरच्या जाळीपर्यंत त्यांना उभं राहता यायचं नाही, पाण्याच्या बाटलीला लांब नळी लावायची. आणि त्यांची चाल नोंदवायची. पुढच्या पायांना लाल रंग, मागच्यांना निळा, आणि अरुंद बोळातून पांढऱ्या कागदावर सोडायचं. निरोगी उंदराची पावलं रांगोळीच्या ठिपक्यांसारखी पडत. डुलणाऱ्याची, कोणी घाईत ओटा पुसावा तशी. दुसऱ्या टप्प्यात त्याच पिल्लांचा लहान मेंदू कापून, रंगवून, काचेवर घेऊन बघायचा. तिथे मोठ्या पेशींची एक रांग असते, केळीच्या बागेत बांधाकडून बघावं तशी, एकेक पेशी वर पानांचा पसारा घेऊन उभी. आजारी पिल्लांत त्या रांगेत नांग्या, रिकाम्या जागा, पडत. कापसात नांग्या पडल्या तर शेतकरी दुसरं बी टोचून भरतो. या नांग्या कोणी भरत नाही. पहिल्या वेळी तिनं सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला आणि शेजारी बसलेल्या तबस्सुमला म्हणाली, "सकाळी यानंच माझ्या हातातून भिजलेली गोळी खाल्ली गं." तबस्सुम म्हणाली, "डोळे पूस, काच धूसर होतेय तुझी."

आता तोच डोळा हिरलवर लागला होता आणि तो काढता येत नव्हता. सकाळी ती पोरीसमोर एकेक कुरमुरा ठेवायची आणि इवलं बोट त्याच्यापर्यंत सरळ जातं की वाटेत थरथरतं ते बघायची. काकडीची चकती गडगडत सोडायची. अंघोळ घालताना साबण लावलेल्या पोरीला काखेत धरून उभं करायची नि गुडघे बघायची. हिरलला हा सगळा खेळच वाटे. आई इतकं टक लावून बघते म्हणजे आपण काहीतरी फारच गमतीचं करतोय अशा समजुतीनं ती अजून अजून पडायची, आणि पडून वर बघायची, शाबासकीसाठी. डिंपल शाबासकी द्यायची. तोंडानं "शाब्बास गं माझी बाई" म्हणत असताना आत कुठेतरी नोंद होई: डावीकडे झुकली. रात्री भरवताना पोरीचं डोकं तिच्या दंडावर जड व्हायचं, टाळूवरची कोवळी धडधड बोटाला लागायची, आणि तिला वाटे, या बोटाखाली आत्ता ती रांग उभी असेल, अख्खी, किंवा. त्या किंवाच्या पुढे ती जात नसे. तिथून परत फिरून पोरीच्या घामेजल्या जावळाचा वास घेई, दुधाचा, पावडरचा, जराशा हिंगाचा, आणि तिला स्वतःचीच लाज वाटे की हे इतकं गोड ओझं मांडीवर असताना आपण त्याला आतून उघडून बघतोय.

शेवटी तिनं तबस्सुमला फोन केला. तबस्सुम अजून धुळ्यातच होती, त्याच कॉलेजात आता शिकवत होती. "बोल गं, जळगावची शेठाणी, कशी आठवण झाली?" डिंपलनं सांगितलं, आधी हसत, मग हसणं कधी गळून पडलं ते तिला कळलं नाही. तबस्सुमनं सगळं ऐकून घेतलं. "किती महिन्यांची? चौदा? अरे अल्ला, चौदा महिन्यांचं पोर डुलणार नाही तर काय कवायत करणार? माझा मोईज पावणेदोन वर्षांचा होईपर्यंत दाराच्या चौकटीला धडकायचा. त्यांचा लहान मेंदूच अजून भरतोय, तुला मी शिकवू का हे? पोरीवर उंदरांची नजर नको टाकूस बाई, दृष्ट लागेल." डिंपलला हसू आलं, आणि ते खरं हसू होतं, छातीतून हवा मोकळी झाली. "पण नाना?" ती म्हणाली. "नानांचं काय गं? त्यांचे वडीलही तसेच होते. आणि वडिलांची आत्या पण म्हणे." फोनवर थोडा वेळ फक्त धुळ्याची रहदारी ऐकू आली. "प्रत्येक पिढीत?" तबस्सुमनं विचारलं. "मग हे आपल्या उंदरांसारखं नाही गं. आपल्याकडे आई-बाप सरळ चालायचे." मग आवाज अगदी सहज करून म्हणाली, "कुंदनभाऊ कसे आहेत?" "ते मजेत आहेत," डिंपल म्हणाली, "त्यांना बढती मिळाली ना." "अच्छा," तबस्सुम म्हणाली. "भेट एकदा. ये धुळ्याला." फोन ठेवल्यावर डिंपलनं तो 'अच्छा' बराच वेळ कानात वागवला, पण उलगडून बघितला नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं भिंतीला लावायचा जुना पांढरा कागदाचा गुंडाळा काढला आणि हॉलमध्ये फरशीवर पसरला. तबस्सुमचं म्हणणं तिला पटलं होतं, पण पटणं आणि झोप लागणं या वेगळ्या गोष्टी होत्या. एकदाच, तिनं स्वतःला सांगितलं, एकदाच बघून टाकायचं. ताटलीत कुंकू कालवलं, हिरलचे तळवे त्यात बुडवले आणि पलीकडच्या टोकाला बसून केळ्याचा तुकडा दाखवला. पोर खिदळत निघाली. तांबडी पावलं उमटत गेली, फेंगडी, एकमेकांत अडकलेली, मधेच बुडाचा एक मोठा गोल ठसा. आणि सुनंदाबाई आतून आल्या, आणि दारातच थबकल्या, आणि त्यांचे डोळे भरले. "पोरनी पाऊलं उमटाडी ऱ्हायनी तू?" त्या म्हणाल्या. "व माय, माले सांगनं तरी! अशा कामले आधी दिवा लावतस." डिंपल कुंकवाची ताटली बाजूला सरकवू लागली. काय सांगणार? तोवर त्यांनी देवघरातून समई आणलीसुद्धा, कागदाच्या डोक्याशी हळद-कुंकू वाहिलं, शेजारच्या सुगंधाबाईंना गॅलरीतून हाक मारली, "या वं, आमनी हिरलनी पाऊलं देखाले!" सुगंधाबाई हात पुसत आल्या, त्यांनी कागदाला नमस्कार केला आणि विचारलं, "तुमच्यात असतं का हे? छानच की. धुळ्याची रीत का गं, डिंपल?" डिंपल म्हणाली, "हो."

आणि मग नाना दिवाणावरून उठले. उठणं हेच एक प्रकरण होतं. आधी दोन्ही हात टेकायचे, मग कंबर, मग थोडा वेळ हवेत कशाचा तरी अंदाज घ्यायचा. "मन्हा पाय बी रंगाड व बेटा," ते म्हणाले, शब्द एकमेकांवर रेलत. डिंपल त्यांच्या पायाशी बसली. तिनं सासऱ्यांचे पाय नमस्काराला अनेकदा शिवले होते, पण असे हातात घेतले नव्हते; टाचेला चिरा, अंगठ्याची नखं जाड, कापसाच्या गाठी उचललेल्या माणसाचे पाय. तिनं तळव्याला कुंकू लावलं तसे ते गुदगुल्या होऊन हसले, आणि एका बाजूला सुनंदाबाई, एका बाजूला भिंत, असे ते नातीच्या पावलांवरून चालले. रांगोळी पुसावी तशी पावलं. ती बघताना डिंपलच्या अंगावर काटा आला, पण काट्यासोबत आणखीही काहीतरी आलं, ज्याची तिला अपेक्षा नव्हती. कारण नाना टोकाला पोचून वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चालत आल्याचा निखळ आनंद होता, हिरलसारखाच, वर बघून शाबासकीची वाट बघणारा. "वाह रे हत्ती!" सुगंधाबाई म्हणाल्या. "आते कुंदन," सुनंदाबाई म्हणाल्या, "ये रे, बठ्ठासना पाय उमटू दे." कुंदन मोबाइलमध्ये बघत सोफ्यावर बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "मला दुकानात जायचंय," तो म्हणाला. "आईतवारे?" आई म्हणाली. "हिशेब राहिलाय," तो म्हणाला, आणि उठला, आणि उठताना त्याचा हात सोफ्याच्या पाठीवर गेला, आणि तिथेच राहिला, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.

डिंपलच्या हातात ताटली होती. तिला एकाएकी सगळं फार स्वच्छ दिसायला लागलं, ताटलीतल्या कुंकवाचा कण अन् कण. सराफ्यातल्या त्या दुकानात कुंदन दहा वर्षं काउंटरवर होता. चिमट्यानं खडा उचलून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दिवाळीनंतर त्याला आतल्या खोलीत, संगणकावर बसवलं. बढती, त्यानं सांगितलं होतं, आणि पेढे आणले होते. मोटारसायकल धूळ खात उभी होती, कारण बाजारात लावायला जागा मिळत नाही. कपबशीऐवजी तो स्टीलच्या पेल्यात चहा मागायला लागला होता, तोही अर्धाच, कारण जास्त चहानं पित्त होतं. हिरलला उचलून जिना उतरायला तो तिला सांगायचा, कारण पोरीला आईच लागते. एकेक कारण किती शहाणं, किती घरगुती. आणि ती? ती कुरमुरे मोजत बसली होती. त्या काळ्या उंदरांनी तिला शिकवलं होतं की आई-बाप सरळ चालतात नि पिल्लं डुलतात, आणि तेवढं एक शिकून ती आजोबांवरून थेट नातीवर उडी मारून गेली होती. मधला माणूस तिच्या शेजारी झोपत होता, तिच्याच पांघरुणात, आणि त्याच्याकडे तिनं त्या डोळ्यानं एकदाही बघितलं नव्हतं. हिरलच्या नशिबाचा रस्ता त्याच्यातूनच जात होता, त्याच्यात नसेल तर तिच्यात नाही, हे तिला वर्गात झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

तो दुकानात गेला नाही. सगळी पांगल्यावर, हिरल आजीच्या कुशीत झोपल्यावर, डिंपल कागद वाळवायला गच्चीवर गेली तेव्हा तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत कठड्याला टेकून बसला होता. खाली कुणाच्या तरी घरी पापड वाळत घालत होते, बायकांचे आवाज येत होते. तिनं कागद पसरला, चार टोकांना चार विटा ठेवल्या. पावलांच्या शेजारी, लांबीभर, अर्धा कागद कोराच होता. त्यानं त्याकडे बघितलं. "आईला वाटलं पूजा आहे," तो म्हणाला. "पण ही तुझी ती उंदरांची परीक्षा होती ना? तू एकदा सांगितली होतीस. साखरपुड्यानंतर, लळिंगच्या किल्ल्यावर गेलो होतो तेव्हा." त्याला ते आठवत असेल असं तिला वाटलं नव्हतं. "कधीपासून?" तिनं विचारलं. "हिरल झाली त्याच्या आसपास. एका बाईच्या हातावर नथ ठेवायला गेलो, ती खाली पडली. मग पुन्हा." त्यानं नानांच्या पावलांकडे बघितलं. "आम्ही लहान असताना खेळायचो माहितीये, हत्ती हत्ती. कोण नानांसारखं चालतं. मी नेहमी जिंकायचो." आणि मग चपला काढून, पाय पुढे करून, आवाज थोडा चढवून, जणू दुसऱ्याच कोणाला म्हणतोय असा म्हणाला, "लाव."

ताटलीतलं कुंकू सुकायला आलं होतं. तिनं टाकीच्या नळाचं थोडं पाणी घालून ते पुन्हा कालवलं. त्याच्या पायांना लावलं. तो उठला, कागदाच्या कडेशी उभा राहिला, आणि निघेना. "काही धरू का?" त्यानं विचारलं. उंदराला बोट लागलं की तो कागद बाद. योगराज सर फाडूनच टाकायचे. "धर," ती म्हणाली आणि खांदा पुढे केला. तो तिच्या खांद्यावर हात ठेवून चालला, ती कागदाबाहेरून त्याच्या बरोबरीनं. खांद्यावरचं ओझं कधी कमी होई, कधी एकदम वाढे, आणि तिला न बघताही सगळं कळत होतं. टोकाला पोचल्यावर तो तिथेच कठड्यावर बसला. "सांग," तो म्हणाला. "शिकलेली आहेस ना. सांग." ती ओणवी झाली, बघितल्यासारखं केलं. आतापर्यंत त्या घरात हे वाक्य फक्त कौतुकानं बोललं गेलं होतं. "नानांसारखं आहे," ती म्हणाली. त्यानं मान हलवली. खालून पापडवाल्या बायकांचे आवाज येत होते. त्यांच्यात कुणाच्या तरी सुनेवरून हसाहस चालली होती. "बरं होतं का हे?" त्यानं विचारलं. "नाही. पण सावकाश जातं. नाना अजून चालतातच की. मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ, तू नि नाना दोघंही. खूप गोष्टी करता येतात रे, व्यायाम असतात, मी शोधते." ती भराभर बोलत होती आणि तो ऐकत नव्हता हे तिला दिसत होतं. "आणि हिरूचं?" तो म्हणाला. या प्रश्नासाठीच तिनं कुरमुरे ठेवले होते, काकड्या गडगडवल्या होत्या. "तिचं आज काहीच कळत नाही," ती म्हणाली. "कोणालाच कळणार नाही. ती लहान आहे म्हणून डुलते. येईल किंवा येणार नाही, अर्धं-अर्धं आहे, आणि ते कळायला तिचं आख्खं बालपण जायचंय." बोलून झाल्यावर ते तिलाच पहिल्यांदा ऐकू आलं. आख्खं बालपण. त्यानं खालचा ओठ दातांखाली धरला.

तिनं टाकीखालची बादली भरून आणली आणि त्याच्यासमोर बसून त्याचा पाय आत घेतला. कुंकू सहजी निघत नव्हतं. बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला तांबडं राहत होतं. अंगठा घालून ती घासत राहिली. "अगं, गुदगुल्या होतात," तो म्हणाला, आणि हसला, आणि हसता हसता रडला, आवाज न करता, तोंड फिरवून, आणि तिनं वर बघितलं नाही, घासत राहिली, कारण आत्ता त्याला बघणारं कोणी नको होतं. खालून सुनंदाबाईंची हाक आली, "काय करी ऱ्हायनात रे वर? च्या थंडा हुई जाई!" "येतो गं, पाय धुतोय," त्यानं ओरडून सांगितलं, आणि आवाज नीट आला. डिंपलनं पाय पाण्यातून काढून पदराच्या टोकात घेतला, टाच तळहातावर. पाणी निथळून गेलं. ती वाट बघत राहिली थरथरीची. पण कुठे जायचं नव्हतं, काही उचलायचं नव्हतं, आणि तिच्या हातात तो पाय अगदी स्थिर होता, जड, कोमट, कुणाचाही असावा तसा.